केशर मातीखाली घडते

गणेश चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात मी पाचवीच्या वर्गात सणाचा धडा घेत होते. नारळ, गूळ, तांदळाचे पीठ, वेलची असे मोदकाचे साहित्य फळ्यावर लिहिले आणि शेवटी 'केशर' हा शब्द लिहिला. मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. "मिस, केशर म्हणजे सफ्राँ ना? आमच्या घरी मोठी बरणी भरून आहे!" सारा वर्ग माना डोलावू लागला. सर्वांच्याच घरी बरणी होती.

वाचकहो, मुलांचे काही चुकले नव्हते. फ्रेंच भाषेत सफ्राँ म्हणजे केशर. पण आपल्या बेटावरच्या क्रेओल बोलीत हळदीलाच सफ्राँ म्हणतात. त्यामुळे आपली मुले रोज 'सफ्राँ' खातात, आणि खरे केशर मात्र अनेकांनी पाहिलेलेही नसते. मी दुसऱ्या दिवशी घरून एक छोटी डबी नेली. मुलांनी एकेक तांबडी काडी तळहातावर घेऊन पाहिली, हुंगली, आणि वाटीभर कोमट दुधात हळूहळू पिवळा रंग उतरताना पाहिला.

ही डबी माझ्या बहिणीच्या मुलाने आणली होती. तो कतारमध्ये नोकरीला आहे आणि दोहा शहरात अल नस्र भागात राहतो. तिकडे चहालाही केशर घालतात. त्या दाट चहाला अरबी लोक 'करक' म्हणतात. हा शब्द म्हणजे आपला 'कडक'च, आपल्याकडच्या माणसांबरोबर समुद्र ओलांडून गेलेला. अल नस्रमधल्या मसाल्याच्या दुकानात भाच्याने केशर मागितले, तेव्हा दुकानदाराने दोन डब्या पुढे ठेवल्या. तो माणूस मूळचा इराणच्या खोरासान प्रांतातला. एक डबी त्याच्या वडिलांच्या शेतातली होती. तेथे तण हाताने काढतात. दुसरी मोठ्या शेतातली, तेथे औषध फवारतात. दोन्ही केशरे सारखीच लाल. भाच्याने विचारले, "मग फरक काय?" दुकानदार म्हणाला, "डबीत फरक नाही. शेतात आहे. तो पाच वर्षांनी कळतो."

भाच्याने डबी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "मावशी, तू शिकवतेस. तण कसे काढले याचा केशराशी काय संबंध, ते मला सांग."

खरे म्हणजे त्या वेळी मला सांगता आले नाही. पण प्रश्न मनात राहिला. कारण तणाचे औषध मीही एकदा आमच्या परसात मारले होते, आणि ते माझ्या आईच्या हळदीच्या वाफ्यात. ती हकीकत शेवटी सांगते. आधी केशराचे पाहू.

तीन काड्यांचे फूल

केशराचे रोप वीतभर उंचीचे. त्याच्या मुळाशी कांद्यासारखा दिसणारा एक लहान कंद असतो. शरद ऋतूत त्या कंदातून जांभळे फूल वर येते. फुलाच्या मध्यभागी तीन तांबडे तंतू असतात, तेच केशर. फुलाचा बाकीचा भाग केशर म्हणून विकला जात नाही. एक किलो वाळलेले केशर मिळवायला दीड लाखाच्या आसपास फुले खुडावी लागतात. फूल उन्हाने कोमेजण्याच्या आत, सकाळी लवकर, हाताने खुडायचे आणि त्यातले तीन तंतू हातानेच वेगळे करायचे. या कामाचे यंत्र नाही असे म्हटले तरी चालेल.

या रोपाची आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. केशराला बी धरत नाही. त्याच्या पेशींत रंगसूत्रांचे दोनऐवजी तीन संच आहेत, त्यामुळे बी तयारच होत नाही. हजारो वर्षे माणसाने कंदापासूनच कंद वाढवून ते जगवले आहे. म्हणून कोणी 'केशराचे बी' विकू लागला तर तो करडईचे बी विकत आहे असे खुशाल समजावे. महाराष्ट्रात 'अमेरिकन केशर' या नावाने अशी करडई शेतकऱ्यांच्या गळ्यात मारण्याचे प्रकार घडलेले आहेत. करडईच्या पाकळ्या रंगाने केशरासारख्या दिसतात, पण त्यांना केशराचा वास नाही आणि चवही नाही.

केशराचा कस तीन गोष्टींवर ठरतो. रंग क्रोसिन या द्रव्याचा, किंचित कडवट चव पिक्रोक्रोसिनची, आणि वास सॅफ्रनालचा. हे सॅफ्रनाल ताज्या तंतूत जवळजवळ नसते. तंतू वाळताना पिक्रोक्रोसिनपासून ते तयार होते. म्हणून ताज्या फुलाजवळ नाक नेले तरी डबीतला तो वास येत नाही. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या ३६३२ क्रमांकाच्या मानकात या तिन्ही गोष्टी प्रकाशाच्या उपकरणाने मोजून केशराचे वर्ग ठरवतात. २०११ सालच्या मानकाप्रमाणे पहिल्या वर्गाच्या केशराची रंगशक्ती किमान २०० असावी लागते.

आता वाचक म्हणतील, रंग, चव, वास हे सारे फुलात. यात तणाचा संबंध कोठे आला? तो समजण्यासाठी फुलाकडून नजर काढून खाली मातीत पाहावे लागते.

पांपूरच्या शेताचे वर्ष

जगातले बहुतेक केशर इराणच्या खोरासानात पिकते. भारतात ते काश्मीरमध्ये, मुख्यतः श्रीनगरजवळच्या पांपूरच्या पठारावर होते. ही पठारे म्हणजे फार प्राचीन सरोवराच्या तळाचा गाळ. काश्मिरी लोक त्यांना करेवा म्हणतात. शेतांच्या बांधांवर बदामाची झाडे असतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने २०११ साली काश्मीरच्या केशरशेतीचा जागतिक महत्त्वाच्या शेती-वारशात समावेश केला, आणि २०२० साली काश्मिरी केशराला भौगोलिक मानांकन मिळाले. पण हा मान मिळण्याआधीच शेती आक्रसू लागली होती. १९९६-९७ च्या सुमारास सुमारे ५,७०० हेक्टरांवर केशर होते, ते नंतर ३,७०० हेक्टरांच्या आसपास आले. पाऊस वेळेवर न पडणे, कंद कुजणे, जमिनीवर घरे उठणे अशी त्याची अनेक कारणे आहेत. ते सावरण्यासाठी भारत सरकारने २०१० साली राष्ट्रीय केशर अभियान सुरू केले.

या शेतातले वर्ष आपल्या उसाच्या वर्षाच्या अगदी उलट चालते. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत फुले येतात. फुलांबरोबर किंवा त्यांच्या मागून पाने येतात, ती सारा हिवाळा, बर्फाखालीसुद्धा, टिकतात आणि एप्रिल-मेमध्ये पिवळी पडतात. नंतर उन्हाळाभर कंद मातीत झोपतो. वर पाहावे तर शेत रिकामे.

या मधल्या महिन्यांत खाली मोठे काम चालू असते. फूल देऊन झालेला आईकंद आकसत जातो. पाने उन्हातून जे अन्न तयार करतात ते साठवून त्याच्या माथ्यावर नवे पोरकंद भरू लागतात. शेवटी आईकंदाचे टरफल तेवढे उरते. पुढच्या शरदात फूल देणार ते हे पोरकंद. आठ-दहा ग्रॅमचा भरदार कंद चांगली फुले देतो, आणि दोन-तीन ग्रॅमचा बारका कंद नुसतीच पाने काढतो. म्हणजे येत्या ऑक्टोबरात किती फुले यावयाची, हे मागच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, शेतात कोणी फिरकत नाही त्या दिवसांत, ठरलेले असते.

आणि तेच दिवस तणाचे असतात.

तण काय खाते

केशराची पाने गवताच्या पात्यासारखी बारीक. ऊस तीन-चार महिन्यांचा झाला की त्याची सावली जमिनीवर पडते आणि खालचे गवत आपोआप दबते. केशराला अशी सावलीच नाही. शिवाय ते दरवर्षी नव्याने लावत नाहीत. एकदा लावलेले कंद त्याच जागी अनेक वर्षे राहतात, काश्मीरच्या जुन्या पद्धतीत तर दहा वर्षांहूनही अधिक. त्यामुळे जमीन नांगरून तण उलथून टाकण्याची संधी मिळत नाही. एका वर्षी बी धरलेले तण पुढच्या वर्षी दसपट होऊन उगवते.

तण पाणी खाते, खत खाते, हे तर आपण सर्व जाणतो. केशराच्या बाबतीत ते मुख्यतः ऊन खाते. वसंतात उंच वाढलेल्या गवताखाली केशराची पाने झाकली जातात, त्यांना अन्न करता येत नाही, ती लवकर पिवळी पडतात आणि पोरकंद बारीक राहतात. फुले कमी येतात, आणि जी येतात त्यांचे तंतू आखूड असतात. खुडणीच्या दिवसांत गवत असले तर फुले दिसत नाहीत, वेळ जातो, ऊन चढते, आणि कोमेजलेल्या फुलातले केशर हलके निघते. गवताचे तुकडे आत मिसळतात ते वेगळेच. केशराच्या प्रतीवर तणाचा परिणाम असा वळणावळणाने होतो. मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. शेत कितीही स्वच्छ असले आणि तंतू वाळवताना हयगय केली, फार वेळ उघड्या उन्हात ठेवले, तर रंग उडतोच. चांगल्या शेतातले केशर आळशी हाताने वाया जाते.

तण काढण्याच्या तीन रीती आहेत.

पहिली रीत खुरप्या-कुदळीची. पांपूरचे शेतकरी वर्षातून दोनदा, जूनच्या सुमारास आणि पुन्हा सप्टेंबरात, जमीन हाताने खणून भुसभुशीत करतात. तेव्हा कंद झोपलेले असतात, पाने नसतात. तण निघते, जमिनीवरचा कडक पापुद्रा फुटतो, आणि पहिल्या पावसाचे पाणी आत जाते. कंद वीतभर खोल असल्यामुळे हात जपून चालवावा लागतो. कुदळ कंदाला लागली की जखमेतून बुरशी शिरते.

दुसरी रीत आच्छादनाची. पेंढा, पालापाचोळा, लाकडाचा भुसा जमिनीवर अंथरायचा. तणाच्या बीला ऊन मिळत नाही आणि ओलावा टिकतो.

तिसरी रीत औषधाची. येथे एक गंमत आहे. केशराची पाने गवतासारखी दिसतात, पण केशर गवताच्या कुळातले नाही. म्हणून हॅलोक्सिफॉपसारखी, फक्त गवत मारणारी औषधे उभ्या केशरावर फवारली तरी गवत मरते आणि केशर राहते. इराणमध्ये ती वापरतात. रुंद पानांच्या तणांसाठी मेट्रिब्युझिन वापरतात. हे औषध जमिनीत उतरून मुळांवाटे काम करते, आणि उसाच्या शेतीतही ते परिचित आहे. औषधाने मजुरी वाचते, आणि वसंतातल्या नेमक्या दिवसांत, जेव्हा कुदळ चालवता येत नाही, तेव्हा तण आवरता येते. त्याचे हे गुण नाकारून चालणार नाही. ज्याच्या घरात कुदळ धरणारे हात उरले नाहीत, त्याला दूर बसून उपदेश करणे सोपे असते.

चमचाभर मातीतली वस्ती

मग दुकानदाराचा तो पाच वर्षांनी कळणारा फरक कोठला? त्याचे उत्तर मातीतल्या जीवाणूंत आहे.

चमचाभर चांगल्या मातीत कोट्यवधी जीवाणू असतात. जीवाणू म्हटले की मुलांना रोग आठवतो, पण यातले फार थोडे उपद्रवी. बाकीचे पडलेले पान कुजवून त्याचे खत करतात, हवेतला नत्र धरतात, दगडात बांधला गेलेला स्फुरद विरघळवून मुळांना देतात. झाडही त्यांना फुकट राबवत नाही. ते आपल्या मुळांतून साखरेसारखी द्रव्ये पाझरू देते आणि त्यांवर मुळांभोवती जीवाणूंची दाट वस्ती होते.

केशराला या शेजाऱ्यांची गरज इतर पिकांहून जास्त आहे. त्याला बी नाही, म्हणून पिढ्या बदलून रोगाशी जुळवून घेण्याची संधी नाही. सारे कंद जवळजवळ एकाच वाणाचे. त्यामुळे एकाला जो रोग लागतो तो सर्वांना लागू शकतो. काश्मीरमध्ये कंदकूज हा त्याचा मोठा शत्रू आहे, आणि ती मुख्यतः फ्युझेरियम नावाच्या बुरशीमुळे होते. जम्मू विद्यापीठातल्या संशोधकांनी केशराच्या मुळांभोवतीचे आणि कंदाभोवतीचे जीवाणू अनेक वर्षे तपासले. फूल येताना एक मेळा असतो, पाने वाढताना दुसरा, असे त्यांना दिसले. त्यांतले बॅसिलस वंशाचे काही जीवाणू कंदकुजीच्या बुरशीला वाढूच देत नाहीत. रोगाचा रखवालदार त्याच मातीत, त्याच कंदाच्या सालीवर बसलेला सापडला.

हे जीवाणू केशराच्या कसापर्यंतही पोचतात काय? २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बॅसिलस सबटिलिस या जीवाणूचे पाणी केशराला दिले होते. पाने लांब झाली, दर कंदामागे फुले वाढली, तंतूंचे वजन वाढले. लावणीनंतर चौदा आठवड्यांनी मातीत ओतलेल्या जीवाणूंमुळे चवीचे पिक्रोक्रोसिन आणि वासाचे सॅफ्रनाल वाढले. पण रंगाचे क्रोसिन मात्र जीवाणू न दिलेल्या रोपांत सर्वांत जास्त भरले. विज्ञान असेच असते. एका हाताने देते आणि दुसऱ्या हाताने 'थांबा, अजून पाहा' म्हणते. तरीही इतके नक्की झाले की मातीतला डोळ्यांना न दिसणारा जीव दुधातल्या वासापर्यंत पोचू शकतो.

औषध आणि जीवाणू

आता औषधाने हे जीवाणू मरतात काय? याचे एका शब्दात उत्तर देणारा माणूस काही तरी विकत असतो, असे मला वाटू लागले आहे.

ग्लायफोसेटचे उदाहरण घ्या. हे तणनाशक १९७४ साली बाजारात आले. झाडे काही अमिनो आम्ले ज्या मार्गाने बनवतात तो मार्ग ते बंद पाडते, आणि हिरवे दिसेल ते झाड मरते. माणसाच्या शरीरात हा मार्ग नाही, पण पुष्कळ जीवाणूंत आणि बुरशींत तो आहे. त्यांतल्या काहींना औषध बाधते, काहींना बाधत नाही. म्हणजे वस्ती संपत नाही, पण वस्तीतली माणसे बदलतात. पूर्वी जे थोडे होते ते पुष्कळ होतात, आणि कामाचे काही निघून जातात. याच औषधाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली 'बहुधा कर्करोगकारक' या वर्गात टाकले. दुसऱ्या काही सरकारी संस्थांनी ते मानले नाही. भारत सरकारने २०२२ साली त्याची फवारणी फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांनीच करावी असा निर्बंध घातला.

उलट बाजूही आहे. मातीत पडलेले औषध नाहीसे करतात तेही मुख्यतः जीवाणूच. अॅट्राझिन हे तणनाशक जगभर मक्याला आणि उसाला वापरले गेले. ते जमिनीत दीर्घकाळ राहते आणि भूजलात उतरते म्हणून युरोपीय देशांनी ते बंद केले. पण हे औषध जेथे सांडले होते अशा एका जागेच्या मातीत अमेरिकन संशोधकांना स्यूडोमोनास वंशाचा एक जीवाणू सापडला, जो अॅट्राझिनच खाऊन जगत होता. १९९५ साली त्यांनी त्याची माहिती प्रसिद्ध केली. जिवंत माती विष पचवू शकते. पण त्यासाठी ती आधी जिवंत असावी लागते, आणि तिला पचवायला सवड द्यावी लागते.

औषधापेक्षाही जीवाणूंना मारणारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे उघडी जमीन. तण गेले, त्याची मुळे गेली, वर काहीच अंथरले नाही, तर जीवाणूंना खायला पाझर नाही, पालापाचोळा नाही, आणि वरून ऊन तापते. हे औषधाने केलेल्या स्वच्छतेत होते, तसेच कुदळीने वारंवार केलेल्या स्वच्छतेतही होते. वारंवार उकरलेल्या मातीतला कस हवेने लवकर जळून जातो. म्हणून 'हाताने केले ते चांगले, औषधाने केले ते वाईट' इतके सोपे गणित नाही.

याचा दाखला आपल्या पूर्वजांच्या कोकणातच आहे. रायगड जिल्ह्यात नेरळ येथे चंद्रशेखर भडसावळे यांनी भाताची एक पद्धत बसवली. तिला सगुणा भात तंत्र म्हणतात. त्यात गादीवाफे एकदाच करतात आणि पुढे नांगर लावत नाहीत, चिखलणी करत नाहीत. भात कापल्यावर मुळे जमिनीतच ठेवतात. तणासाठी ते तणनाशक वापरतात, पण मेलेल्या तणाची मुळेही जागच्या जागी कुजू देतात. अशा शेतांत गांडुळे परत आली. म्हणजे तेथे औषध आहे, पण जमीन उघडी नाही आणि उपाशीही नाही. प्रश्न तण कशाने मारले एवढ्यावरच थांबत नाही. तण गेल्यावर त्या जागी मातीला काय मिळाले, हेही विचारावे लागते.

आईचा हळदीचा वाफा

आता माझी हकीकत. आमच्या घरामागे माझ्या आईचा हळदीचा वाफा आहे. तिच्या सासूने लावलेल्या गड्ड्यांपासून तो आजवर चालत आला आहे. हळदीलाही आपण बीपासून लावत नाही. गड्ड्यापासून गड्डा, केशरासारखेच. आई दर शनिवारी खुरपे घेऊन वाफ्यात बसायची आणि उपटलेले गवत तेथेच रोपांच्या बुंध्याशी पसरून ठेवायची. मला तो आळस वाटे. गवत उचलून बाहेर का टाकत नाही, असे मी तिला विचारीत असे.

पुढे तिचे गुडघे धरले. तिला खाली बसवेना. मला शाळेतून वेळ नव्हता. मी दुकानातून तणाचे औषध आणले आणि हळद उगवण्यापूर्वी वाफ्यावर फवारले. दुसऱ्या वर्षीही तेच केले. वाफा असा स्वच्छ झाला की शेजारणीने येऊन पाहिला. आई ओट्यावरून पाहत होती. ती एवढेच म्हणाली, "गवत गेले गं, पण माती उघडी पडली."

दुसऱ्या वर्षीच्या जोराच्या पावसात वाफ्यावरची माती घट्ट बसली, वर हिरवा बुळबुळीत थर आला, पाणी साचले. थंडीत हळद काढायला गेले तर निम्मे गड्डे मऊ पडलेले. हे औषधानेच झाले असे मी म्हणणार नाही. पाऊस जास्त होता, पाणी साचले होते, आणि साचल्या पाण्यात गड्डे कुजतातच. पण आईच्या हाताखाली त्याच वाफ्याने याहून मोठे पाऊस पाहिले होते. मी वर्गात मुलांना 'झाडाची मुळे अन्न शोषतात' असे वर्षानुवर्षे शिकवत आले. मुळांना ते अन्न शिजवून कोण देते, हे मात्र मी कधी फळ्यावर लिहिले नव्हते. आई शाळेत फार गेली नाही, पण उपटलेले गवत बुंध्याशी ठेवताना ती त्याच स्वयंपाकघराला सरपण घालत होती.

तिसऱ्या वर्षी उरलेले चांगले गड्डे निवडून लावले आणि वाफ्यावर उसाचे पाचट अंथरले. आपल्या बेटावर ऊस तोडल्यावर पाचट शेतात पसरून ठेवतात, ते सर्वांनी पाहिले आहे. त्यानेही तण दबते. मधूनमधून जे गवत डोके काढी ते मी उभ्यानेच लांब दांड्याच्या खुरप्याने कापून तेथेच टाकी. आईने ओट्यावर खुर्ची घेतली आणि कोठे गवत राहिले ते काठीने दाखवू लागली. पहिल्या वर्षी हळद थोडीच आली. दुसऱ्या वर्षी पाचट उचलून पाहिले तर खाली गांडुळे होती. आईला दाखवली. ती हसली, आणि म्हणाली की आता मोठी बरणी धुऊन ठेव.

भाच्याला दिलेले उत्तर

भाच्याला मी जे कळवले ते थोडक्यात येथे देते. कोणाला परसातल्या वाफ्यासाठी उपयोगी पडले तर बरेच.

तण काढलेच पाहिजे, पण वेळेवर. पिकाची पाने उन्हात अन्न करतात ते दिवस तणाला देऊ नयेत. तण बी धरण्याआधी निघाले तर पुढच्या वर्षीचे काम निम्मे होते. काढलेले तण बी धरलेले नसेल तर तेथेच कुजू द्यावे. जमीन कधी उघडी ठेवू नये. औषध वापरावे लागलेच तर डबीवर लिहिलेल्या मापानेच, त्याच पिकासाठी सांगितलेले, तोंड-हात झाकून आणि वारा नसताना वापरावे. दरवर्षी तेच ते मारू नये. आणि कंद किंवा गड्डे लावताना कुजके, जखमी बाजूला काढावेत. एक कुजका गड्डा साऱ्या वाफ्याला पुरतो.

आणि केशर विकत घेताना? एक काडी कोमट पाण्यात टाकावी. रंग सावकाश, सोनेरी पिवळा उतरला आणि काडी लालच राहिली तर ते केशर. पाणी क्षणात लाल झाले आणि काडी फिकी पडली तर तो रंग लावलेला माल.

अल नस्रच्या दुकानात पुढच्या खेपेला गेल्यावर भाच्याने ते दुकानदाराला वाचून दाखवले. तो म्हणाला, "तुझ्या मावशीला सांग, माझे वडीलही गवत तिथेच टाकतात." भाच्याने विचारले, आणि मोठ्या शेतावर? दुकानदाराने हात हलवला. तेथले कंद दोनदा बदलावे लागले होते.

यंदा चतुर्थीला आमच्या मोदकांत दोन्ही होते. उकडीच्या कळीवर अल नस्रहून आलेल्या केशराची एकेक काडी होती, आणि शेजारच्या भाजीत आईच्या वाफ्यातली हळद. पाचवीच्या वर्गातला तो मुलगा आईवडिलांबरोबर दर्शनाला आला होता. मोदक हातात घेऊन त्याने आपल्या आईला मोठ्या आवाजात सांगितले, "हे खरे सफ्राँ! याला बी नसते." मला तेवढे पुरे होते. उरलेले, म्हणजे मातीखालचे, पुढच्या वर्गात शिकवीन.